पैसा, काम आणि देणं : बायबलवरच्या शनिवारच्या क्लासचा रिव्ह्यू

कोल्हापुरात पैशाचे क्लास कमी नाहीत, शेअर मार्केटचे आहेत, एसआयपीचे आहेत, "घरबसल्या कमवा" वाल्यांचे बोर्ड तर राजारामपुरीत कुठंही बघा, पण कामगाराचा पगार कधी द्यायचा यावर अख्खी संध्याकाळ बोलणारा क्लास मी पहिल्यांदाच बघितला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शहरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी, असा दीडएक महिना चालतो, फी नाही, शिकवणारे सर बँकेतनं रिटायर झालेले. विषय असा की पैसा मिळवायचा कसा, सांभाळायचा कसा आणि द्यायचा कसा, याबद्दल बायबल काय सांगतं.

मी ख्रिस्ती नाही. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, शेजारच्या फौंड्रीतला मित्र म्हणाला चल म्हणून गेलो. धर्माचा आग्रह होतो का असं मला दोघातिघांनी विचारलं, तर नाही होत, सुरुवातीला छोटी प्रार्थना असते, ज्याला करायची त्यानं करायची, बाकीचे शांत बसतात. १८५२ ला वाइल्डर साहेब मिशन घेऊन कोल्हापुरात आले तेव्हापासून हा समाज इथं आहे, आपल्याबरोबर शाळेत शिकलेली माणसं आहेत ही, परकं वाटायचं काही कारणच नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या मते सगळ्यात भारी संध्याकाळ मजुरीवरची. बायबलमधल्या लेवीय नावाच्या पुस्तकात (१९:१३, म्हणजे अध्याय १९, ओळ १३) सरळ सांगितलंय की रोजंदारीच्या माणसाची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात (२४:१५) त्याचं कारण पण दिलंय, सूर्य मावळायच्या आत दे कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. सरांनी हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून विचारलं, इथं किती जणांचं पेमेंट कुणाकडं तरी अडकलंय? जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, आणि किती जणांनी दुसऱ्या कुणाचं अडकवलंय? हॉल गप्प. करवीर तालुक्यातले एक शेतकरी काका बसले होते, ते म्हणाले, "सर, उसाचं बिल चौदा दिवसात द्यायचा कायदा हाय की, पर मिळायला महिनं लागत्यात." सर म्हणाले बरोबर आहे काका, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसच आहेत, उशीर झाला तर पंधरा टक्क्यांनी व्याज पण आहे, आणि माझ्याकडं बघून म्हणाले की तुमच्यासारख्या छोट्या युनिटसाठी २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस आहेत. म्हणजे आपण ज्या दुखण्यासाठी आता कायदे करतोय ते दुखणं तेव्हाही होतं आणि त्यावर तेव्हाही बोट ठेवलेलं होतं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, याकोबाच्या पत्रात (५:४) तर असं आहे की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडतीय आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत गेलीय. काका ते ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच संध्याकाळी द्राक्षमळ्याची गोष्ट झाली (मत्तय २०) आणि तिथं खरी खडाजंगी. मळ्याचा मालक पहाटे माणसं लावतो, परत नऊला लावतो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता चौकात उभी असलेली माणसं बघून विचारतो, दिवसभर इथं का उभे? ते म्हणतात आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही. त्यांना पण तो मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. फौंड्रीवाला मित्र तिथल्या तिथं उठला, "हे चालत नाही ओ सर, असं केलं तर उद्या सकाळी आठला कोण येईल?" अगदी रास्त प्रश्न आहे आणि सरांनी तो टाळला नाही. ते म्हणाले पहाटेच्या माणसाला ठरलेलं पूर्ण मिळालं, त्याचा एक पैसा कमी झाला नाही, आणि पाचला आलेल्याच्या घरी पण पोरं तेवढंच खातात. मित्राला पटलं नाही, मला निम्मं पटलं, हजेरीचा हिशोब असा चालवता येत नाही हे खरंच. पण मजूर अड्ड्यावर अकरा वाजून गेले तरी उभी राहिलेली माणसं रोज बघतो आपण, ती आळशी म्हणून उभी नसतात, एवढं मात्र त्या गोष्टीनं डोक्यात पक्कं बसवलं. आणि आळसाला कुठं पाठीशी घातलंय असंही नाही, नीतिसूत्रे नावाच्या पुस्तकात आळशाला मुंगीकडं जाऊन शिकायला सांगितलंय, येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल तर लिहितो की काम करायला तयार नाही त्यानं खाऊ पण नये, आणि हा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

दुसरी संध्याकाळ जामीनकीवर होती, ती प्रत्येक कोल्हापूरकरानं ऐकायलाच पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याकडं पतसंस्था गल्लोगल्ली, आणि "सही कर रे, नुसती सही तर आहे" हे वाक्य तर प्रत्येकाच्या घरात येऊन गेलेलं. माझ्या एका मामांची निम्मी पेन्शन अशाच एका सहीत गेली, कर्ज दोस्ताचं, हप्ते मामांचे, मामी अजून त्या विषयावर बोलत नाही. नीतिसूत्रे ६ मध्ये असं आहे की शेजाऱ्यासाठी जामीन राहिलास तर तू तुझ्याच शब्दात अडकलास, आता डोळ्याला झोप लागू देऊ नको, जा, त्याच्या मागं लाग, गयावया कर, पण शिकाऱ्याच्या हातनं हरीण सुटतं तसा सूट. इतकं पोटतिडकीनं लिहिलंय की वाचताना वाटतं लिहिणाऱ्याच्या घरात हे घडलंय. सरांनी बँकेतला अनुभव जोडून सांगितलं की १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, बँक आधी कर्जदाराकडं जाईल आणि मग तुमच्याकडं हा आपला गोड गैरसमज आहे. मग एका ताईंनी विचारलं, सख्खा भाऊ असला तर काय करायचं सर? ते म्हणाले झेपतील तेवढे रोख द्या आणि परत येणार नाहीत असं धरून द्या, पण सही करू नका. या उत्तरावर अर्धा हॉल मान हलवत होता.

कर्ज आणि तारणावर पण बरंच झालं. अनुवादमध्ये (२४:६) असं आहे की कुणाचं जातं गहाण ठेवून घ्यायचं नाही, जात्याची वरची तळी पण नाही, कारण ते त्याचा जीवच गहाण ठेवून घेतल्यासारखं आहे. निर्गम नावाच्या पुस्तकात गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य बुडायच्या आत परत करायला सांगितलंय, रात्री तो पांघरणार काय? हे चाललेलं असताना शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी सांगितलं की एका सावकारानं त्यांची शिलाई मशीनच उचलून नेली होती, मशीन नाही तर हप्ता कुठनं भरणार. सर म्हणाले कोर्टाला सुद्धा असं करता येत नाही मावशी, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे, कारागिराची हत्यारं जप्तीतनं वगळलेली आहेत, आणि २०१४ च्या सावकारी कायद्यानं लायसन नसताना व्याजानं पैसे द्यायचा धंदा करणं हाच गुन्हा आहे. हे मावशींना आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कलमाचा नंबर वहीत लिहून घेतला, शेजारच्या बाईंनी पण घेतला.

व्याजाबाबतीत सरांनी काही लपवलं नाही हे मला आवडलं. गरीब भावाकडनं व्याज घ्यायचं नाही असं तिथं आहे, पण परक्याकडनं घ्यायला चालतं असंही अनुवाद २३ मध्ये आहे, ते त्यांनी स्वतःहून वाचून दाखवलं आणि हे त्या काळचं त्या समाजाचं आहे, आज असं परकं-आपलं मानू नका म्हणाले. वजनकाट्यावर मात्र फार थोडक्यात आटोपलं. पिशवीत लहान-मोठी अशी दोन प्रकारची वजनं ठेवू नको हे सांगितलं आणि पुढं गेले. माझ्या मते यावर वेळ द्यायला हवा होता, कारण या जिल्ह्यात उसाच्या काट्यावरनं दर हंगामात भांडणं होतात आणि शाहूपुरीतली गुळाची पेठ तर शाहू महाराजांनी वसवलेली, तिथं गुळाचा रवा (ढेप) तोलताना काय व्हावं आणि काय होऊ नये हे सांगणारी माणसं समोरच बसली होती.

आता देण्याबद्दल. इथं मला वाटलं होतं की दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) द्या, वर्गणी द्या, देव दुप्पट देईल असं काहीतरी ऐकावं लागणार. उलट झालं. सरांनी पहिल्या पाच मिनिटात सांगितलं की दिलं की श्रीमंत होतं असं जो शिकवतो त्याच्यापासून लांब राहा, पौलानं सगळं दिलं आणि तो कित्येकदा उपाशी राहिला. ज्या जिल्ह्यात दामदुप्पट स्कीममध्ये एवढ्या लोकांचे पैसे बुडालेत तिथं हे स्पष्ट सांगणं फार गरजेचं होतं. गरीब विधवा जवळची होती नव्हती ती दोन नाणी मंदिराच्या पेटीत टाकते ती गोष्ट सगळ्यांना साधारण माहीत असते, पण त्याच्या अगदी आधीच्या ओळीत (मार्क १२:४०) येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर चिडलेला आहे, ते सहसा कुणी सांगत नाही, सरांनी सांगितलं. गरिबाकडनं शेवटचं नाणं काढून घ्यायला ती गोष्ट वापरायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला सगळ्यात जास्त भिडली ती रूथची गोष्ट. शेत कापताना कडेकोपरे सोडायचे, खाली पडलेलं वेचायचं नाही, तो सरवा गरिबाचा, असा नियमच होता. रूथ ही परमुलखातली विधवा, सातूच्या हंगामात बवाजच्या शेतात सरवा वेचायला जाते. बवाज गड्यांना सांगतो पेंढ्यांतनं मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या, आणि तिला काही बोलू नका. यातलं ते "बोलू नका" मला फार मोठं वाटतं. आपल्याकडं भुईमूग काढून झाल्यावर बायका शेंगा वेचायला येतात, काही शेतकरी हाकलतात, काही बघून न बघितल्यासारखं करतात. हातात पैसे ठेवून फोटो काढण्यापेक्षा त्या दुसऱ्या शेतकऱ्याचं देणं मोठं, असं मला वाटतं, आणि वर्कशॉपवाल्याला सरवा कुठं सोडता येईल याचा मी अजून विचार करतोय, भंगारातला बारीक माल पोरांना द्यायचा असं एक डोक्यात आहे.

मग पौलानं जेरुसलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत. मासेदोनिया या ग्रीसकडच्या प्रांतातली माणसं स्वतः तंगीत होती तरी त्यांनी दिलं, आणि पौलानं ती रक्कम एकट्यानं नेली नाही, मंडळ्यांनी (ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समूहांनी) निवडलेली माणसं बरोबर घेतली, आमच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून, असं तो उघड लिहितो (२ करिंथ ८). २०१९ च्या महापुरात कोल्हापुरानं घराघरात भाकऱ्या थापून, दूध, कपडे, औषधं पोचवली, देण्यात आपण कधीच कमी पडत नाही. पण मंडळाची वर्गणी असो नाहीतर पूरमदत, हिशोबाचा कागद मागितला की "विश्वास नाही का?" म्हणतात. इथं दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस स्वतःहून हिशोबाला साक्षीदार घेऊन जातोय.

कमी काय पडलं तर दशमांशाची संध्याकाळ कंटाळवाणी झाली. दहावा हिस्सा ढोबळ कमाईचा की खर्च वजा जाता उरलेल्याचा, ज्याचं उत्पन्न एका महिन्यात भरपूर आणि पुढचे दोन महिने कोरडे त्यानं काय करायचं, यावर नीट उत्तर मिळालं नाही, मलाखी नावाच्या पुस्तकातली तीच एक ओळ परत परत आली. झेरॉक्स नोट्सची छपाई पुसट आहे, वयस्कर माणसांना वाचता येत नाही. गाडी लावायला जागा कमी, लवकर जा. चहा चांगला असतो. दाराजवळ एक पेटी आहे पण तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही, टाकायचं तर टाका.

पाचपैकी चार स्टार देतोय, छोटा धंदा करणाऱ्यानं, पगार देणाऱ्यानं, सहीसाठी ज्याच्या दारात नातेवाईक येतात त्यानं नक्की जावं, शक्यतो नवराबायकोनं मिळून जावं. एकच मागणी आहे, हजेरीवरच्या माणसांसाठी वेगळी वेळ ठेवा, मजुरीचे धडे मालकच ऐकतायत आणि ज्यांची मजुरी आहे ती माणसं त्या वेळी कामावरनं सुटलेली नसतात. सरांना हे बोललोय, ते रविवारी दुपारचं जमतंय का बघतायत.