मॅक्लाउड: दाताळे, खोरे आणि धुम्मस एकाच दांड्यावर

श्रमदानाने पायवाट काढायची ठरली की पहिल्या दिवशी टिकाव आणि फावडी भरपूर गोळा होतात, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची असतात. त्यांनी खोदाई झपाट्याने होते, पण वाट पुरी होत नाही. उकरलेली माती उताराकडच्या कडेला लहानशा बांधासारखी पडून राहते. जोराचा पाऊस आला की पाणी या बांधाला अडते आणि खाली उतरून जायचे सोडून वाटेवरूनच धावत सुटते. मग मधोमध ओघळ पडतो, लोक ओघळ टाळून कडेने चालतात, वाट रुंदावते. हा बांध ओढून काढायला, तळ सारखा करायला आणि तोच तळ चोपायला मॅक्लाउडइतके सोयीचे हातअवजार नाही. खरेदीच्या यादीत मात्र ते बहुधा शेवटी असते, किंवा नसतेच.

अवजार मुळात पायवाटेचे नव्हेच. अमेरिकेच्या वनसेवेतले रेंजर माल्कम मॅक्लाउड यांनी सिएरा राष्ट्रीय वनात 1905 साली ते वणव्यासाठी तयार केले. आगीच्या वाटेतला पालापाचोळा ओढून उघड्या मातीचा पट्टा करायचा, हे त्याचे काम. पायवाटेची सुरुवातही नेमकी तिथूनच होते, म्हणून वाटा बांधणाऱ्यांनी ते उचलले.

रचना साधी आहे. पंचवीस ते तीस सेंटिमीटर रुंदीची जाड पोलादी पाटी, तिच्या एका कडेला जाड दात (बहुतेक वेळा सहा), दुसऱ्या कडेला धार लावलेले खोऱ्याचे पाते, आणि पाटीवर काटकोनात बसवलेला लांब दांडा. दातांनी पाला आणि मुळ्यांची जाळी ओढायची, पात्याने मातीची कड तासायची, पाटीच्या सपाट बुडाने चोपायचे. साध्या दाताळ्यापेक्षा हे बरेच जड असते. जड असते म्हणूनच चोपते.

काम कसे चालते ते पाहू. आधी दातांनी पाला आणि कुजकट थर खालची खरी माती दिसेपर्यंत काढायचा. हा थर वाटेत राहिला तर पाणी धरतो, कुजतो आणि तळ खचतो. काढलेला पाला कडेला रचून ठेवायचा नाही, उतारावर लांब विखरायचा. मग टिकाववाले डोंगराच्या पोटात पूर्ण रुंदीची पायरी कापतात. अर्धी वाट कापायची आणि उरलेली अर्धी खोदलेल्या मातीच्या भरावावर काढायची, हा मोह टाळावा, तो भराव बसतो आणि कड ढासळते. कापणी झाली की मॅक्लाउड परत पुढे येतो. डोंगराकडची उभी भिंत पात्याने तिरकी करायची, नाहीतर तिची माती सुटून वाटेवर येत राहते. त्यानंतर तळाला उताराकडे सुमारे पाच टक्के कल द्यायचा. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या वाटेला हा फरक साडेचार सेंटिमीटर येतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पाण्याला पुरतो.

कल तपासायला या अवजाराची एक खुबी फार कामाची आहे. मॅक्लाउड पाटीवर उभे करून हात सोडला तर ते आपले आपण उभे राहते. पाते वाटेच्या दिशेला करून ते तळावर उभे करावे. दांडा उताराकडे किंचित झुकला तर कल बरोबर. सरळ राहिला तर वाट सपाट आहे, पाणी साचणार. डोंगराकडे झुकला तर तिथे चराचीच तयारी झाली आहे. उभेच राहत नसेल तर तळ खडबडीत आहे किंवा चोपाई कच्ची आहे. दांडा पाटीत थोडा वाकडा बसलेला असेल तर ही परीक्षा फसते. म्हणून अवजार त्याच जागी अर्धे फिरवून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा दांडा उताराकडेच झुकला, तर कल वाटेचा आहे. फिरवल्यावर झुकण्याची बाजू बदलली, तर मोठा दोष दांड्याचा. नवख्या माणसाला क्लायनोमीटर (चढ-उतार मोजायचे उपकरण) शिकवण्यापेक्षा हे लवकर कळते. लांबीतला चढ मोजायला मात्र क्लायनोमीटरच हवा.

चोपताना मातीत ओल हवी. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. कोरडी माती कितीही चोपली तरी भुसभुशीतच राहते, फार ओली असेल तर पाटीला चिकटून वर येते.

आता खटकणारी बाजू. सुट्या दांड्याच्या मॉडेलमध्ये पाटी बोल्टने बसवलेली असते. वाहतुकीला ही सोय चांगली, पण काही मॉडेलांत बोल्टचे टोक आणि नट पाटीच्या बुडातून बाहेर येतात. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण तिने अवजाराचे निम्मे काम बिघडते. प्रत्येक ठोक्याला मातीत खळगा पडतो, पाटी डगमगते म्हणून उभे करून पाहण्याची परीक्षा चुकते, आणि दगडावर आपटून आटे चेचले की नट पान्यालाही दाद देत नाही. घेताना पाटी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. डुगडुगली तर दुसरी मागावी. आधीच घेतली असेल तर नटच्या बाहेर आलेला बोल्ट हॅकसॉने कापून कानशीने गुळगुळीत करावा. डुगडुग कमी होते, नटची जाडी उरतेच. दात वेल्ड केलेले असतील तर जोडांजवळ बारीक तडे आहेत का ते उजेडात पाहावे.

दांडा ॲश किंवा हिकोरीचा चांगला. रेषा लांबीत सरळ धावणाऱ्या हव्यात. तिरक्या रेषांचा दांडा पाटीच्या तोंडाशी मोडतो. एकशेवीस सेंटिमीटरचा दांडा उंच माणसाला आखूड पडतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागते. मिळाला तर दीडशेच्या आसपासचा घ्यावा.

खडकाळ जागी आणि दाट झुडपांत मॅक्लाउड निरुपयोगी आहे. दात दगडात अडकतात, पाते बोथट होते. तिथे पहार आणि टिकाव. जाड मुळांसाठी पुलास्की, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवे पाते. तेही वणव्याशी लढणाऱ्या वनरेंजरच्याच नावाचे. नवे स्वयंसेवक सर्वात जास्त चुकतात ते इथे: मॅक्लाउड डोक्यावर उगारून टिकावासारखे हाणतात. हे ओढायचे अवजार आहे, हाणायचे नव्हे. हाणल्याने दात वाकतात आणि बोल्ट ढिला होतो.

दहा जणांच्या तुकडीला चार मॅक्लाउड, दोन टिकाव, दोन पुलास्की, एक पहार आणि फांद्या छाटायला एक लॉपर, हे प्रमाण आमच्या मते योग्य. पुढे कापणारे, मागे मॅक्लाउडवाले, आणि शेजारच्या प्रत्येक दोन माणसांत किमान तीन मीटर अंतर. हे अंतर पाळले तर तुकडी जवळजवळ तीस मीटर वाटेवर पसरते, तेव्हा एकाच मुकादमाने सगळ्यांवर नजर ठेवणे जड जाते. शेवटच्या टप्प्याला वेगळा माणूस द्यावा, कारण वाट तिथेच पुरी होते किंवा बिघडते.

नेताना खांद्यावर घेऊ नये. उताराकडच्या हातात, तोलाच्या जागी धरून, दात जमिनीकडे करून आणि धारेवर म्यान चढवून न्यावे. घसरलात तर अवजार उताराकडे फेकता येते. विश्रांतीलाही दात खालीच. वर असलेल्या दातांवर पाय पडला की दांडा थेट तोंडावर येतो. आकाराने हे फार अडचणीचे असते, गाडीत दोन ठेवले की तिसऱ्याला जागा राहत नाही. सुट्या दांड्याचा खरा फायदा इथे.

धार कानशीने लावावी, कानस नेहमी पुढे ढकलून, हातमोजे घालून. वस्तऱ्यासारखी धार नको, पातळ कड पहिल्याच दगडावर तुकडे टाकते. दातांना धार लागत नाही. दिवस संपला की माती खरवडून पाटी कोरडी पुसावी आणि तेलाचा हलका हात फिरवावा. दांड्यावर वार्निश असेल तर पॉलिश पेपरने काढून उकळलेले जवसाचे तेल चोळावे, वार्निशने हाताला फोड येतात. तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा ढीग आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.