लॅचिंग की नॉन-लॅचिंग? गॅस डिटेक्टरच्या अलार्ममधली एक सेटिंग

चार गॅसच्या पोर्टेबल डिटेक्टरवर अलार्मचे आकडे ठरवताना फारसे वाद होत नाहीत. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली किंवा 23.5 टक्क्यांवर. बाकीच्यांचे लो आणि हाय अलार्म असे: ज्वलनशील वायू एलईएलच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला स्फोट होऊ शकतो त्याच्या) 10 आणि 20 टक्के, एचटूएस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू 10 आणि 15 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), कार्बन मोनॉक्साइड 35 आणि 200 पीपीएम. बरेचसे डिटेक्टर याच्या आसपासच लावून येतात. तुमच्या कामाचे नियम यापेक्षा कडक असतील तर अर्थातच ते लावा. विचार करायला लावते ती लॅचिंगची सेटिंग. नॉन-लॅचिंगमध्ये वायू मर्यादेखाली उतरला की आवाज, दिवा, कंप आपोआप थांबतात. लॅचिंगमध्ये वायू ओसरला तरी कुणी बटण दाबेपर्यंत ते चालूच राहतात.

सांडपाण्याच्या टाक्यांत आणि पंपांच्या खड्ड्यांत उतरणाऱ्या टोळीचे डिटेक्टर माझ्याकडे असतात. पहिली दोन वर्षं आमचे सगळे नॉन-लॅचिंगवर होते आणि त्याची बाजू मला पटलेली होती. माणूस दोन्ही हातांनी पान्यावर जोर देतोय आणि त्याला जाड हातमोज्यातून बारीक बटण चाचपायला लावायचं, हे काही बरं नाही. सकाळच्या बंप टेस्टलाही ते सोयीचं. गॅस दिला, वाजलं, गॅस काढला, थोड्या वेळात थांबलं. वीस डिटेक्टर ओळीने तपासताना हा फरक जाणवतो.

मग एक दिवस तळाचा गाळ ढवळताना खालच्या माणसाचा डिटेक्टर दहा-पंधरा सेकंद वाजला. पंपाच्या घरघरीत वरच्या माणसाला काहीच ऐकू आलं नाही. खालच्याने हातमोजा पुसून पडद्याकडे पाहिलं तोवर एचटूएसचा आकडा 6 वर आला होता, म्हणून त्याने काम पुढे चालू ठेवलं. तो वर आल्यावर मी पीक रीडिंग, म्हणजे नोंदला गेलेला सगळ्यात मोठा आकडा पाहिला, तर 26. विचारलं तेव्हा म्हणाला, "जरा वाजलं होतं दादा, पण लगेच बंद झालं." मी त्याला काय बोलणार? बंद झालं म्हणजे आता ठीक आहे, असंच ते यंत्र त्याला सांगत होतं. मला नॉन-लॅचिंगचं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. अलार्म होऊन जातो आणि कुणाच्या गावीही नसतो.

शिवाय त्या 26 वरही मी विसंबणार नाही. एचटूएसच्या सेन्सरला खऱ्या आकड्याजवळ पोचायला साधारण अर्धं मिनिट लागतं. झोत काही सेकंदांचाच असेल तर सेन्सर अर्ध्या वाटेवरून परततो, म्हणजे माणसाच्या तोंडाजवळून गेलेला वायू दाखवलेल्यापेक्षा जास्त असण्याचीच शक्यता. नाकाचाही भरवसा नाही, कारण 100 पीपीएमच्या सुमाराला एचटूएसचा वास येणंच बंद होतं.

लॅचिंग सगळीकडे चालेल असं मात्र मी म्हणणार नाही. बॅटऱ्या चार्ज होतात तिथे हायड्रोजन सुटतो आणि साधा कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर त्यालाही दाद देतो. अशा जागी अलार्म सारखा अडकून बसला की माणसं पडद्याकडे न बघताच बटण दाबायला लागतात, आणि ती सवय वाईट. काही डिटेक्टरमध्ये लो अलार्म नॉन-लॅचिंग आणि हाय अलार्म लॅचिंग असं वेगवेगळं ठेवता येतं. तिथे हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. काहींमध्ये सगळ्यांना मिळून एकच सेटिंग असते, म्हणून घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

बंद जागेत उतरणाऱ्यांसाठी मात्र मी लॅचिंगच लावतो. हातमोज्याची अडचण एका नियमाने सुटली. वाजलं की वर यायचं आणि बटण वर आल्यावरच दाबायचं. डिटेक्टर वाजतच वर येतो, त्यामुळे वरच्या माणसालाही कळतं. तो आधी पीक रीडिंग परमिटवर, म्हणजे खाली उतरण्याच्या परवान्यावर लिहून घेतो, मगच अलार्म रीसेट होतो.

सेटिंगला पासकोड लावून ठेवलाय. तरीही कुणी बदललीच तर ते सकाळच्या बंप टेस्टलाच उघडं पडतं. गॅस काढल्यावर एखादा डिटेक्टर आपणहून गप्प झाला, तर तो त्या दिवशी खाली जात नाही.