लिहिलेलं उडवायचं, बदलायचं की राहू द्यायचं?

स्वतःचीच पोस्ट नकोशी झाली की समोर साधारण चार वाटा असतात: ती उडवायची, तिच्यात बदल करायचा, तिच्यावरचं आपलं नाव काढायचं, किंवा आयडीच बंद करून मोकळं व्हायचं. बहुतेक जण पहिली किंवा शेवटची वाट धरतात, तीही घाईत. माझ्या मते निवड दोन गोष्टींवर ठरावी: पोस्ट नकोशी का झाली, आणि तिच्या आधाराने इतरांनी काय लिहून ठेवलं आहे.

काही कारणं किरकोळ असतात. प्रतिसाद चुकून दोनदा पडला, तर 'प्रकाटाआ' लिहून विषय संपतो. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही: प्रतिसाद काढून टाकला आहे. चौकट राहते, मजकूर जातो, कुणाचं बिघडत नाही. तावातावात लिहिलेलं सकाळी वाचवत नाही, हेही रोजचंच. पण उत्तर मिळाल्यावर 'एवढं साधं कसं कळलं नाही' या संकोचाने प्रश्नच उडवणारे बरेच असतात, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे. तोच प्रश्न पडलेला पुढचा माणूस त्या धाग्यावर, म्हणजे प्रश्न आणि त्याखालच्या प्रतिसादांवर, येणार असतो.

भीतीचं कारण मात्र हलकं घेऊ नये. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला, आणि ती पोस्ट केवळ लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. तरी तो प्रसंग आठवून कुणी आपलं राजकीय मत काढून टाकत असेल, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि सर्वांत गंभीर कारण ओळख उघड होण्याचं. टोपणनावाने लिहिणारा माणूस एका धाग्यावर गाव सांगतो, दुसऱ्यावर नोकरी, तिसऱ्यावर मुलीची शाळा. सुटं सुटं काहीच धोक्याचं नसतं. पाच वर्षांचं लेखन एकत्र वाचणाऱ्याला मात्र तो कोण हे कळतं. मूल होत नसल्याबद्दल, घटस्फोटाबद्दल किंवा मानसिक आजाराबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं सासरच्यांच्या किंवा ऑफिसातल्यांच्या हाती लागणं फार महागात पडू शकतं. इथे धाग्याचं काय होईल हा विचार दुसरा. आधी काढा.

उडवलं की नेमकं काय जातं?

हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे आणि निर्णय इथेच फिरतो. फेसबुकवर पोस्ट उडवली की खालच्या सगळ्या कॉमेंट्सही जातात. समजा, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही एखाद्या ग्रुपवर विचारलं. दहा जणांनी वेळ काढून खर्च, फिजिओथेरपी, घरात करायचे बदल असं सगळं लिहिलं. तुमच्या एका क्लिकने त्यांची मेहनतही गेली, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. रेडिट या चर्चास्थळावर उलट: तुमचा मजकूर आणि नाव जातं, पण शीर्षक आणि इतरांचे प्रतिसाद राहतात. म्हणजे शीर्षकातच ओळख पटवणारं काही असेल, तर पोस्ट उडवूनही ते दिसत राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांसाठी डिलीट करायची मुदत 2022 पासून दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. 'मेसेज डिलीट केला' ही खूण उरते, आणि ग्रुपमध्ये मूळ मेसेजपेक्षा त्या खुणेचीच चर्चा जास्त होते.

प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो सर्वांत कडक. तुमच्या प्रश्नाला कुणी दिलेल्या उत्तराला मत मिळालं असेल तर प्रश्न तुम्हाला उडवता येत नाही, स्वीकारलं गेलेलं उत्तरही काढता येत नाही. शिवाय उडवलेली पोस्ट 10,000 गुण असलेल्या सदस्यांना दिसतेच. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याखाली असतो, आणि एकदा दिलेला तो परवाना मागे घेता येत नाही. मे 2024 मध्ये त्या कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी तिथला मजकूर वापरू देण्याचा करार केला तेव्हा काही सदस्यांनी निषेध म्हणून आपली उत्तरं उडवायला आणि विद्रूप करायला सुरुवात केली. उत्तरं पूर्ववत करण्यात आली आणि काहींचे आयडी आठवडाभरासाठी निलंबित झाले. त्याआधी 2023 मध्ये रेडिटने एपीआयसाठी (बाहेरच्या अ‍ॅप्सना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीसाठी) पैसे आकारायचं ठरवलं, तेव्हाही अनेकांनी वर्षानुवर्षांच्या कॉमेंट्सवर निरर्थक मजकूर चढवला. मला त्यांचा राग समजतो. फुकट दिलेल्या श्रमांवर कुणी परस्पर सौदा करावा, हे चीड आणणारंच आहे. पण घाव बसतो तो रात्री दोन वाजता उत्तर शोधत त्या धाग्यावर पोहोचणाऱ्याला. कंपनीकडे जुन्या प्रती असू शकतात, त्याच्याकडे नसतात. निषेधासाठी नवं लिहिणं थांबवणं मला जास्त न्याय्य वाटतं.

बदल करणं

चुकीची माहिती गेली असेल, तर उडवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, अट एवढीच की बदल उघडपणे करायचा. विकिपीडियाच्या चर्चापानांवर याची चांगली रीत आहे: कुणी उत्तर दिल्यानंतर आपलं विधान मागे घ्यायचं असेल, तर ते खोडून दाखवायचं, पुसायचं नाही. म्हणजे पुढच्याचं उत्तर अधांतरी लटकत नाही. गुपचूप वाक्य फिरवलं की ज्याने मूळ वाक्यावर आक्षेप घेतला तो नवीन वाचकाला विनाकारण भांडखोर वाटतो. हा अन्याय धागे चाळताना सतत दिसतो, आणि तो पोस्ट उडवण्यापेक्षाही वाईट आहे. रागाच्या प्रतिसादालाही हेच लागू. अपशब्द काढा, खाली तसं सांगणारी एक ओळ लिहा, मुद्दा असेल तर राहू द्या.

खासगी माहिती लपवायला मात्र बदलाचा भरवसा धरू नका. फेसबुकवर पोस्टच्या जुन्या आवृत्त्या पाहता येतात, स्टॅक ओव्हरफ्लो आणि विकिपीडियावर तर पूर्ण इतिहास उघडा असतो. तिथे व्यवस्थापकांना किंवा प्रचालकांना लिहून ती आवृत्तीच दडवून घ्यावी लागते.

नाव काढणं आणि आयडी बंद करणं

नाव काढण्याचा पर्याय फारसा कुणाला माहीत नसतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर विनंती केली तर पोस्ट तशीच राहते, तुमचं नाव तेवढं निघतं. मजकूर कामाचा आहे पण त्याच्याशी नातं नको, अशा वेळी याहून चांगलं काही नाही. इतर संकेतस्थळांवर सोय दिसत नसली, तरी संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारायला हरकत नसते.

आयडी बंद करणं हा सर्वांत फसवा पर्याय. रेडिटवर खातं काढलं की नाव जातं, पण सगळ्या पोस्ट आणि कॉमेंट्स तिथेच राहतात, आणि त्या उडवायचा तुमचा हक्क खात्याबरोबर संपतो. घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखं. ओळख उघड होण्याच्या भीतीने निघालेल्या माणसाचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ओळख देणाऱ्या पोस्ट एकेक करून काढा. मग कुणी तुमचा मजकूर आपल्या प्रतिसादात उद्धृत केला आहे का ते पाहा आणि त्याला किंवा व्यवस्थापकांना विनंती करा. त्यानंतर गूगलकडे कालबाह्य निकाल ताजा करण्याची मागणी टाका, कारण पान बदललं तरी शोधात जुनी ओळ काही काळ दिसू शकते. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये प्रत आहे का तेही तपासा. खातं सगळ्यात शेवटी. कायद्यावर मात्र फार विसंबू नका: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, पण आपणहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदाच लागू होत नाही.

आणि पोलिसांत तक्रार झाली असेल किंवा वकिलाची नोटीस आली असेल, तर यातलं काहीही करण्याआधी आपल्या वकिलाशी बोला. पुरावा ठरू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो.