पन्नाशीतले फ्रॉक घरी शिवताना : नऊ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर मशीन पुसून बसले, ते आता आषाढ लागेपर्यंत सात फ्रॉक झाले. त्यातले चार मी बाहेर घालते, एक घरात वापरते, एकाच्या उशांच्या खोळी झाल्या आणि एक अजून चेनेपायी खुंटीला लटकतोय. पन्नाशीतले म्हणजे माझ्या पन्नाशीतले नव्हेत, गेल्या शतकाच्या. वर अंगासरशी बसणारी बॉडी, आवळलेली कंबर आणि गुडघ्याखाली जाणारा भरपूर घेर. ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, घरी जमतं का, स्वस्त पडतं का. एकेकीला सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मशीन आईचं. काळं, पायाचं. चामड्याचा पट्टा नवा घातला, आत अडकलेले दोऱ्यांचे गुंते काढले, तेल दिलं. सगळे मिळून सातशे रुपये लागले. त्याला फक्त सरळ टीप येते. मागे जाणारी टीपसुद्धा नाही, शेवटी कापड फिरवून परत चार टाके मारायचे. सुरुवातीला मी झिगझॅगवालं नवं मशीन घ्यायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की ज्या काळातले हे कपडे, त्या काळात बहुतेक घरांत असलीच सरळ टीपेची मशीनं होती आणि पॅटर्नही (ज्यांवरून कापड कापायचं ते कागदी साचे) तोच हिशेब धरून आखलेले असायचे. कडा सुटू नयेत म्हणून फ्रेंच सीम घालते: आधी कापडाच्या उलट्या बाजू आत ठेवून एक टीप, मग कापड पलटून ती कड आत दडवणारी दुसरी. पातळ सुतीला हे छान जमतं, जाड कापडाला नाही. पहिले आठ दिवस चाक उलटं फिरून दोरा तुटायचा आणि मी सुईला शिव्या द्यायचे. आता पाय बसलाय. गळ्याच्या वळणावर एक टाका म्हटलं की एकच टाका पडतो, हे सुख विजेच्या मशीनवर मला कधी मिळालं नव्हतं.

पॅटर्न मात्र सुरुवातीलाच नडला. मापवार कागदी पॅटर्न विकण्याची पद्धत तशी जुनी, एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने ती १८६३ मध्ये सुरू केली. आता ते पीडीएफ म्हणून विकत मिळतात. घरी छापायचे, पानं एकमेकांना चिकटवायची, कापायचे. पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन असतो, तो छापून झाल्यावर पट्टीने मोजायचा असतो. मी झेरॉक्सच्या दुकानातून छत्तीस पानं काढून आणली. चौकोन मोजला तर अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कमी. अर्ध्या सुताने काय होतंय, म्हणून कापड कापलं. छापताना ‘फिट टू पेज’ (पानात मावेल एवढं लहान करा) चालूच राहिलं होतं, हे नंतर कळलं. एका इंचाला अर्धं सूत, म्हणजे चौतीस इंचांना सतरा सुतं, म्हणजे दोन इंचांहून जास्त! तो फ्रॉक माझ्या खांद्यांवरून खाली उतरलाच नाही. उशांच्या खोळी झाल्या त्या याच्याच. पिवळ्या फुलांच्या आहेत, बऱ्या दिसतात.

नंबरांचाही घोळ आहे. जुन्या पॅटर्नवरचा १२ नंबर म्हणजे आजचा १२ नव्हे. १९६७च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी आकडे बदलले. त्याआधीचा १२ नंबर ३२ इंच छातीचा, नंतरचा ३४ चा. तेव्हा नंबर विसरा, छाती-कंबर-सीट इंचांत बघा. आणखी एक. शिवणीसाठी सोडायच्या कापडाला आपले शिंपी माया म्हणतात आणि बाजूला ती इंच-दीड इंच सोडतात, म्हणजे अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. अमेरिकन पॅटर्नमध्ये माया पाच सूत, सगळीकडे सारखी. मी बाजूच्या शिवणीला सव्वा इंच सोडते. दिवाळीनंतर तिचा उपयोग झाला, जास्त काही सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या उद्योगात मला काय मिळालं म्हणाल, तर माझी कंबर कुठे आहे ते कळलं.

दुसरा फ्रॉक मापात झाला होता. छाती बरोबर, खांदा बरोबर. तरी घातला की पोटाच्या वर कापडाची एक आडवी वळी पडायची आणि घेर नितंबांवर टेकून फुगायचा. शेजारच्या मावशी मूळच्या वसईच्या, साठच्या दशकात लग्नाचे आणि सणांचे फ्रॉक शिवून घर चालवलेल्या. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, एक नाडी पोटावर बांधली आणि म्हणाल्या, “वाक डावीकडे. आता उजवीकडे. नाडी जिथे जाऊन बसली ती तुझी कंबर. कापड मग काप.” नाडी माझ्या समजुतीपेक्षा बरीच वर जाऊन बसली. मानेच्या मणक्यापासून नाडीपर्यंत मोजलं तर साडेचौदा इंच. पॅटर्नमध्ये ३४ छातीला ती लांबी सव्वासोळा धरलेली. पावणेदोन इंचांचा फरक! वीस वर्षं मी दुकानात फ्रॉक घालून बघायचे, ती वळी पडायची आणि मी समजायचे पोट सुटलंय. पोट आहेच, पण वळीचं कारण ते नव्हतं. कापड लांब होतं आणि मी आखूड.

सैल कुर्त्यात हे लपून जातं. पन्नासच्या दशकातल्या कपड्यात लपत नाही, कारण त्याचा सगळा डौल कमरेच्या त्या एका शिवणीवर असतो.

दुरुस्ती सोपी वाटली म्हणून बॉडी खालून पावणेदोन इंच कापली. चूक. खालून कापलं की कमरेकडे निमुळता होत जाणारा भागच निघून जातो, टकही (कापड अंगाला बसावं म्हणून शिवलेल्या निमुळत्या चुण्या) अर्ध्यात तुटतात आणि उरलेली बॉडी कमरेला रुंद होते. पॅटर्नवर छाती आणि कंबर यांच्या मध्ये ‘इथे आखूड करा’ अशी आडवी दुहेरी रेघ असते. तिथे कागदाची घडी घालायची आणि बाजूच्या रेषा व टक नव्याने जुळवून घ्यायचे. माझा अर्धा इंच तर छातीच्या वरच जास्त होता, म्हणून तो मुंढ्याच्या (बाही जोडायच्या गोलाईच्या) उंचीत घडी घालून काढला, आणि तेवढीच घडी बाहीच्या वरच्या गोलाईतही घातली. हे सगळं आधी मांजरपाटावर. मीटरला सत्तर रुपयांचं ते कोरं कापड दोनदा शिवून, अंगावर टाचण्या लावून, खडूने खुणा करून मग उसवायचं आणि त्याचाच कायमचा पॅटर्न करायचा. कंटाळवाणं काम आहे. पण ही पायरी जिने गाळली, तिने शिंप्याकडे जावं, पैसे वाचतील.

टकाचं टोक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर अलीकडे थांबवायचं आणि तिथे टीप पक्की न करता दोरे हाताने गाठायचे, नाहीतर कापडाला नाक आल्यासारखं दिसतं. इस्त्री प्रत्येक शिवणीनंतर, शेवटी एकदम नाही. टकावर इस्त्री फिरवायला घट्ट गुंडाळलेला टॉवेल पुरतो.

घेराचं गणित आवडणाऱ्यांसाठी. पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १९४७ला ख्रिश्चन दिओर या फॅशन डिझायनरने बारीक कंबर आणि प्रचंड घेराचे कपडे दाखवले, तेव्हा इंग्लंडात कपड्यांवर रेशनिंग चालू होतं; १९४१मध्ये लागलेलं ते १९४९मध्ये उठलं. एवढं कापड उधळलं म्हणून तेव्हा टीका झाली. शिवायला बसलं की ती टीका पटते. माझी कंबर तीस. पूर्ण गोल घेराला कमरेची त्रिज्या पावणेपाच इंच, त्यात सत्तावीस उंची आणि इंचभर दुमड मिळवली की पावणेतेहेतीस. अर्धगोल कापायचे दोन, एकेकाला साडेपासष्ट इंच लांबी. नुसत्या घेरालाच सव्वातीन मीटरच्या वर कापड. बॉडी-बाह्या धरून साडेचार मीटर. ४४ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असला तर बाजूला उरलेल्या पट्टीत खिसे निघतात. अर्धगोल घेर केला तर एकच तुकडा, दोन मीटरच्या आत. लोकलने जाणाऱ्या बाईने अर्धगोलच करावा. पूर्ण घेराचा फ्रॉक घालून मी एकदा सकाळची गाडी पकडली होती, अर्धा घेर डोंबिवलीलाच राहतोय की काय असं वाटलं.

गोल घेर कापल्यावर एक रात्र, जमलं तर दोन, नुसता टांगून ठेवायचा. त्यात चार ठिकाणी कापड उरेब, म्हणजे तिरकं, येतं आणि स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं. तिसऱ्या फ्रॉकला मी घाई केली, त्याच दिवशी दुमड घातली, आणि पहिल्या धुण्यात तो चार ठिकाणी इंचभर लोंबला. पाच मीटरची दुमड उसवून परत घालायला दोन रविवार गेले. आता टांगून झाल्यावर मी स्टुलावर उभी राहते आणि आई पट्टी धरून सगळीकडून सारख्या उंचीवर खडूची खूण करते. आणि कमरेच्या शिवणीत आतून सुती नाडी धरून शिवते. घेराचं वजन मग बॉडीवर न येता नाडीवर येतं आणि कंबर जागची हलत नाही. सातांतल्या ज्या चारांत नाडी आहे, तेच चार मी बाहेर घालते.

सगळ्यांत लाडका पाचवा, आजीच्या सुती नऊवारीचा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यातला मधला भाग विरलेला, तरी पाच मीटर धड निघालं. मला काठ खाली घ्यायचा होता. पण काठ सरळ असतो, गोल घेराला लागत नाही. म्हणून तीन मीटर सरळ कापड घेऊन मोठ्या टाक्याच्या दोन ओळी मारल्या, दोरा ओढून चुन्या कमरेत बसवल्या. विरू लागलेल्या कापडाला आवळलेली बॉडी झेपत नाही, म्हणून आतून मलमलचं अस्तर दिलं. मे महिन्यात घाम पुसायला तेच कामी आलं.

खर्च: पॉपलीन मीटरला एकशेचाळीस, मंगळदास मार्केटात घासाघीस करून. साडेचार मीटर, मांजरपाट, चेन, दोरा, बटणं धरून नऊशेच्या आसपास. वेळ पहिल्याला तीस तास, आता चौदा-पंधरा. स्वतःच्या तासांचे पैसे लावले तर हा धंदा बुडीत आहे. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती आटतं आणि आवळलेल्या कमरेला अर्धा इंचही परवडत नाही. चमकदार सॅटिनच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, टाचणीचं प्रत्येक भोक दिसतं. कॅनकॅन (घेर फुगवणारा ताठ जाळीचा थर) मी एकदा लावून काढून टाकला, आपल्या हवेत तो शिक्षा आहे. आईचा खळ दिलेला परकर आत घातला की घेर पुरेसा उभा राहतो.

राहिला खुंटीवरचा सातवा. जुन्या पद्धतीने डाव्या बाजूला, काखेखाली धातूची चेन लावायची होती. चेन शिवायला मशीनला कापड दाबून धरणारा एका बाजूचा पाय लागतो, तो या मशीनला मिळाला नाही, म्हणून हाताने बारीक टाके घालत लावली, दोनदा, आणि दोनदा कमरेच्या जाड शिवणीपाशी ती अडली. मावशी म्हणतात हूक लाव आणि मोकळी हो, आमच्या वेळी चेन होती कोणाकडे. हुकांची पुडी आणून ठेवलीय. चेन अजून उसवलेली नाही.