लिनक्स राउटरचं कर्नल ट्यूनिंग: काही महिन्यांनंतर काय ठेवलं, काय काढलं

तालुक्याच्या गावातलं आमचं ब्रॉडबँड एका जुन्या झिऑन सर्व्हरवर चालतं. डेबियन १२, इंटेलच्या ८२५९९ चिपचं १० गिगाबिट कार्ड, ग्राहक पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडण्याची पद्धत, त्यात पॅकेटावर आणखी एक वेष्टन चढतं), नॅटही (अनेक ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे आणणं) तिथेच. उन्हाळ्यात कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) सेटिंग्ज बदलल्या. पावसाळा आणि दिवाळी त्यांवरच काढली.

इंटरनेटवर फिरणारी सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंग्ज बदलायचं साधन) लांबलचक यादी आधी बाजूला ठेवा. टीसीपीचे (दोन टोकांमध्ये डेटा क्रमाने पोचवायची पद्धत) बफर वाढवा, बीबीआर (टीसीपीचा वेग ठरवणारी पद्धत) लावा, असं तीत हमखास असतं. अहो, पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठी राउटर टीसीपीचं टोक नसतोच! एका पोर्टातून आत, दुसऱ्यातून बाहेर. वेबसर्व्हरचं औषध इथे लागू पडत नाही.

फरक पडला तो कामाची प्रोसेसरच्या कोअरांवर वाटणी केल्यावर. रात्री नऊनंतर एकाच इमारतीत एकाचा व्हिडिओ अडकायचा, शेजाऱ्याचा सुरळीत. सीपीयूची सरासरी बघितली तर मशीन निवांत. कोअर सुटे बघितले तर पहिला सॉफ्टआयआरक्यूने (आलेल्या पॅकेटांवरचं कर्नलचं काम) गच्च. हे कार्ड आयपी पत्ते आणि पोर्ट बघून पॅकेटं रांगांत वाटतं, पण पीपीपीओईच्या वेष्टनाआडचं आयपी त्याला दिसत नाही. म्हणून ग्राहकांकडून येणारं सगळं शून्य क्रमांकाच्या रांगेत. डाउनलोड इंटरनेटच्या बाजूने साध्या आयपीत येतं, ते नीट वाटलं जातं. पण ज्याचा प्रवाह नेमका त्या गच्च कोअरवर पडेल त्याचे हाल.

यावर उपाय आरपीएस, म्हणजे पॅकेटं कोअरांवर वाटण्याची कर्नलची स्वतःची सोय. २०१० पासून, म्हणजे २.६.३५ पासून कर्नलमध्ये आहे आणि तो पीपीपीओईच्या आत बघू शकतो. इंटरप्ट (कार्डाने कोअरला दिलेल्या हाका) आपोआप वाटणारं आयआरक्यूबॅलन्स बंद केलं, ते हाताने एकेका कोअरला बांधले, आरपीएसच्या मास्कमधून (कोणते कोअर वापरायचे त्याची यादी) तो पहिला कोअर वगळला. त्या तक्रारी थांबल्या.

पुढचं सगळं सॉफ्टनेट-स्टॅट ही कर्नलच्या पॅकेट-मोजणीची फाइल बघून करा. दर कोअरची एक ओळ, आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर). दुसरा रकाना गळालेल्या पॅकेटांचा: आरपीएसमुळे बॅकलॉग (कोअरपुढे थांबलेल्या पॅकेटांची रांग) वापरात येतो आणि मुळातली १००० ची मर्यादा आम्हाला अपुरी पडली. तिसरा, म्हणजे काम अर्धवट सोडावं लागल्याचा, वाढत असेल तर नेटडेव्ह बजेट (एका फेरीत किती पॅकेटं हाताळायची) ३०० वरून वाढवा, पण सोबतची मायक्रोसेकंदांची मर्यादाही वाढवा. नाहीतर वेळ आधी संपतो आणि बजेट तसंच पडून राहतं.

नॅट असेल तर कॉनट्रॅकला (जोडण्यांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) पर्याय नाही. चालू टीसीपी जोडणीची नोंद तो मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस सांभाळतो. आम्ही ७४४० वर आणली, दोन तास चार मिनिटं; आरएफसी ५३८२ (नॅटसाठीचा इंटरनेटचा नियम-दस्तऐवज) त्याखाली जाऊ देत नाही. कमाल नोंदी वाढवताना हॅशचे बकेटही (नोंदी शोधायचे कप्पे) वाढवा.

फ्लोटेबल (चालू जोडणीच्या पॅकेटांसाठी जवळचा रस्ता, कर्नल ४.१६ पासून) वेगवान आहे, यात वाद नाही. पण त्यातली पॅकेटं फॉरवर्ड साखळीला (पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे फायरवॉल नियम) वळसा घालतात आणि आमची वापराची मोजणी त्याच साखळीत होती. काढून टाकलं. परफॉर्मन्स गव्हर्नर (प्रोसेसर कायम पूर्ण वेगात ठेवणारी सेटिंग) मात्र ठेवला, यूपीएसचा बॅकअप थोडा घटला तरी.

रिबूटचं विसरू नका. कॉनट्रॅकचं मॉड्यूल चढायच्या आधीच सिसकंट्रोलची फाइल वाचली गेली तर कॉनट्रॅकच्या सेटिंग्ज लागतच नाहीत. मॉड्यूल बूटच्या यादीत घाला. आरपीएसचा मास्क तर सिसकंट्रोलमध्ये येतच नाही, त्याला वेगळी सिस्टमडी सर्व्हिस (बूट होताना चालणारी) किंवा यूडेव्हचा नियम (उपकरण सापडताच चालणारा) लागतो.