रिटर्न स्वतः भरलं, त्याला सात महिने झाले

दरवर्षी जुलैत आयकराच्या रिटर्नसाठी आमच्या चौकातल्या करसल्लागारांकडे फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला, टाकून यायचे. हजार रुपये दिले की दोन दिवसांत काम व्हायचं. गेल्या वर्षी ५ जुलैला, शनिवारी दुपारी, म्हटलं आपणच भरून बघू. आता फेब्रुवारी चालू आहे. एक माझं आणि एक अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, अशी दोन रिटर्न भरून, एकदा भुर्दंड सोसून आणि एकदा रिफंड मिळवून मग लिहितेय.

फॉर्म भरणं अवघड नाही, हे आधीच सांगते. पगार, एखादं घर, बँकेचं व्याज इतकंच असेल आणि उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१, म्हणजे 'सहज' हा फॉर्म. आयकर खात्याच्या साइटवर लॉगिन केलं की पगार, व्याज, टीडीएस (म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) सगळं आधीच भरलेलं समोर येतं. करप्रणाली नवी धरलेली असते, जुनी हवी तर तसं सांगायचं. वीस मिनिटांत मी शेवटच्या पानावर होते.

तिथे देय कर पन्नास हजारांच्या वर.

आधी वाटलं, कुठेतरी आकडा दोनदा पडलाय. मग दोन्ही फॉर्म १६ शेजारी शेजारी ठेवले तेव्हा डोक्यात उजेड पडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी नोकरी बदलली. पहिल्या कंपनीचे सहा महिन्यांचे ४,८०,०००, दुसरीचे ५,४०,०००. दोघींनी आपापली ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, म्हणजे पगारातून तेवढी रक्कम सरसकट वगळली. नव्या प्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर लागत नव्हता, दोघींच्या हिशेबात मी त्याच्या खूप आत, म्हणून दोघींकडून टीडीएस शून्य. मी निर्धास्त. पण बेरीज होते १०,२०,०००, आणि वजावट मिळते एकदाच. उरलेल्या ९,४५,००० वर सेस (करावरचा उपकर) धरून कर ४६,२८०, वर आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा कर, न भरल्याचं व्याज. नव्या ठिकाणी रुजू होताना आधीचा पगार फॉर्म १२बी वर कळवायचा असतो. मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि त्या वर्षी मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती (शेवटी १६ झाली), तरी या व्याजाचं मीटर त्यामुळे थांबत नाही. म्हणून त्याच आठवड्यात पैसे जमवले आणि भरून मोकळी झाले.

भरताना दोन जागी हात थरथरला. आर्थिक वर्ष २०२४-२५ असलं तरी चलनावर कर निर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचं. मी चुकीच्या वर्षावर बोट ठेवलंच होतं. आणि प्रकार '३००', म्हणजे स्वयंनिर्धारण कर, रिटर्न भरताना आपण हिशेब करून भरतो तो. '१००' हा आगाऊ कर. पावतीवरचा बँकेचा सात आकडी बीएसआर कोड आणि चलन क्रमांक फॉर्ममध्ये आलाय ना, ते बघूनच पुढे जायचं.

अण्णांचं प्रकरण उलटं. पेन्शन ४,३२,०००, बँकेतल्या ठेवींचं व्याज १,१०,०००. एप्रिलमध्ये १५एच, म्हणजे 'मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका' असं बँकेला सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, द्यायला विसरले, म्हणून बँकेने ११,००० टीडीएस कापलेला. कर शून्यच होता, तेव्हा ते सगळे परत मिळायचे होते. पण गावातल्या पतसंस्थेतल्या ठेवीचं ३८,४०० व्याज ना वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये होतं, ना फॉर्ममध्ये. अण्णा म्हणाले, "त्यांनाच माहीत नाही, तर आपण कशाला सांगा?" पासबुक काढून बसवलं त्यांना. आयता भरून आलेला आकडा म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याबद्दल कळवलेलं तेवढंच. माझ्या वेळीही दोन्ही कंपन्यांना आपापलंच माहीत होतं, तेच मला महागात पडलं होतं. व्याज दाखवलं, कर तरीही शून्यच राहिला.

सगळ्यात जास्त वेळ ओटीपीने खाल्ला. मी पुण्यात, अण्णा कराडला, आधारला जोडलेला नंबर त्यांच्या बटणांच्या फोनवर. "आला का?" "आला, थांब, चष्मा." मग "चार... सात... अगं, स्क्रीनच गेली." तिसऱ्या फोनला जमलं. रिटर्न आपणच भरलंय याची ओटीपीने खात्री द्यायची, ती ई-पडताळणी. ती ३० दिवसांत झाली नाही तर पडताळणी केली तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, त्यामुळे ते उद्यावर ढकलू नका.

रिफंड मात्र अडकला. अण्णांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा आयएफएससी बदलला होता आणि मी जुन्या पासबुकावरून जुनाच टाकला होता. खातं नव्याने प्रमाणित करून घेतलं, रिफंडची पुन्हा विनंती टाकली, मग ११,००० जमा झाले. रिटर्न तपासून झालं की खात्याची १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. ती उघडायचा पासवर्ड लहान लिपीत पॅन आणि लगेच जन्मतारीख. मी दहा मिनिटं मोठ्या अक्षरांत पॅन मारत बसले होते.

तर स्वतः भरावं का? नोकरी एकच, खाती दोन-तीन, तर बेलाशक. शेअरची रोजची उलाढाल किंवा धंदा असेल तर सीए गाठा, हजाराकडे बघू नका. मी या वर्षीही स्वतःच भरणार आहे. एआयएस दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघते, आणि अण्णांचा १५एच गेल्या वर्षी जुलैतच बँकेत देऊन टाकला.

फक्त अण्णांच्या लॉगिनचा पासवर्ड त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ऑगस्टच्या पानावर लिहून ठेवला होता. जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं, जुनं रद्दीत गेलं. परवा पासवर्ड बदलायला परत आधारचा ओटीपी. "आला का?" "आला, थांब, चष्मा."