६०६१ च्या नावाखाली भट्टीचा माल

टर्बो इंजिनासाठी इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणारा नळ्यांचा संच) बनवून घेणाऱ्यांनी हे वाचून मगच ॲडव्हान्स पाठवावा.

गाडी जुनी ऑक्टाव्हिया, १.८ टर्बो. पुण्यात आर्गन वेल्डिंगला हात बसलेले कारागीर भोसरीत मिळतात, अडतं ते सुट्या मालापाशी. हेडची फ्लॅन्ज (इंजिनाच्या डोक्याला बोल्टने बसणारी जाड पट्टी), चार रनर म्हणजे हवेच्या नळ्या, इंजेक्टरचे बंग म्हणजे ते बसवायच्या बुशी, थ्रॉटल बॉडीची फ्लॅन्ज हे सगळं ‘किट’ म्हणून विकणारा एक जण इन्स्टाग्रामवर भेटला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची बारा एमएम प्लेट, सीएनसीवर कापलेली, सोबत मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. निम्मे पैसे आधी. मग ‘प्लेटचा भाव चढला’ म्हणून आणखी थोडे. बिल मागितलं की ‘बिलाचं वेगळं पडेल, दादा’. हे बिल नसणं पुढे फार नडलं.

पार्सल उघडल्यावर पहिला झटका पोर्टचा, म्हणजे हेडमध्ये हवा शिरायच्या भोकांचा. या इंजिनांच्या सुरुवातीच्या काही हेडना मोठे पोर्ट होते, नंतरच्यांना लहान. आमचं लहान पोर्टचं, आणि हे त्याला ऑर्डरच्या आधीच लिहून कळवलेलं. आली मोठ्या पोर्टची फ्लॅन्ज. भोक लहान असतं तर घासून मोठं करता आलं असतं. मोठं भोक लहान कसं करणार? हेडच्या तोंडाशी पायरी राहते, हवा तिच्यावर आदळते, पॅकिंगला बसायला जागा उरत नाही. त्याचं उत्तर : ‘दोन्हीला चालते, दादा, सगळे बसवतात.’

खरी लबाडी वेल्डिंगला उघडी पडली. मिस्त्रींनी फ्लॅन्जच्या कोपऱ्यावर आर्क धरला आणि वितळलेला धातू शांत बसेना. बुडबुडे येत होते, तडतडत होता, कडेने काळी राख जमत होती. त्यांनी टॉर्च बाजूला ठेवली, कानशीने कोपरा घासून दाखवला. चकचकीत पृष्ठभागाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. ‘साहेब, ही प्लेट नाही, ओतकाम आहे. वरून बारीक मण्यांचा फवारा मारून गुळगुळीत केलंय.’

एक तुकडा कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीला, दिला. ६०६१ मध्ये सिलिकॉन ०.४ ते ०.८ टक्के असतं. आमच्या तुकड्यात ते दहाच्या वर निघालं, तांबंही बरंच. म्हणजे जुने पिस्टन-हाउसिंग वितळवून ओतलेला माल. सर्टिफिकेटवरचे आकडे मात्र अगदी पुस्तकी ६०६१ चे. त्यावरचा हीट नंबर (धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) प्लेटवर कुठेच कोरलेला नव्हता, तेव्हा तो कागद कोणत्याही प्लेटसोबत फिरू शकतो. विक्रेत्याचा युक्तिवाद ऐका : ‘वजन करून बघा, अ‍ॅल्युमिनियमच आहे.’ आहेच की! दोन्हींची घनता जवळपास सारखी, तराजूला फरक कळतच नाही.

हा केवळ ग्रेडचा हट्ट नव्हे. टर्बोने हवा एक बार दाबली (एक बार बूस्ट) की सच्छिद्र वेल्डमधून ती सुटते. एअर मास सेन्सरने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि ट्यूनर बिचारा इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या मॅपमध्ये दोष शोधत बसतो. फ्लॅन्जचा टवका उडून आत गेला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही गेले.

तक्रारीचं सांगतो. सायबर हेल्पलाइन १९३० वर नोंद होते, पण माल प्रत्यक्ष आलेला असल्यामुळे पोलिसांनी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून हात झटकले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जरा ऐकून घेतात. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आमच्याकडे बिल नाही. यूपीआयच्या नोंदी, चॅट आणि लॅबचा रिपोर्ट एवढ्यावरच भिस्त आहे.

नवी प्लेट मुंबईत गुलालवाडीतून आणली, किलोच्या भावाने, पक्क्या बिलावर, आणि कापण्याआधी तिचाही तुकडा स्पेक्ट्रोला दिला. फ्लॅन्ज पॅकिंग समोर धरून भोसरीतच कापून घेतली. त्या गृहस्थाचं खातं अजून चालू आहे. किटचे फोटो तेच, फक्त वर्णनात आता ‘एअरोस्पेस ग्रेड’ अशी भर पडली आहे.